शेकडा पाच, पण कशावर?



मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावी यात्रा भरते. तिथं एका महिला बचत गटानं उडदाच्या पापडांचं दुकान मांडलं होतं. गटातल्या एका बाईंचा मुलगा माझा विद्यार्थी. त्यानं मला हाताला धरून नेलं आणि म्हणाला, "सर, आईची वही जरा बघा. हिशेब बरोबर आहे, पण पैसे कमी येतात."

वही पाहिली. अक्षर स्वच्छ, बेरजा बिनचूक. डाळ, पापडखार, हिंग, मिरी, तेल मिळून माल २००० रुपयांचा. त्यावर नफा शेकडा वीस, म्हणजे ४०० रुपये. एकूण २४००. पापड झाले सोळा किलो, म्हणून भाव दीडशे रुपये किलो. यात चूक काय? शाळेच्या पुस्तकातलं उदाहरण असतं तर दहापैकी दहा गुण मिळाले असते. पण टेम्पोवाल्यानं तीनशे घेतले होते, पिशव्या आणि लेबलं यांना एकशेचाळीस गेले होते, आणि वाटेतल्या खड्ड्यांनी एक किलो पापडांचा चुरा केला होता. पंधरा किलो विकून आले २२५०. गेले २४४०. शेकडा वीस नफा धरून बायकांनी घरचे एकशेनव्वद रुपये घातले!

मी इतिहासाचा मास्तर, व्यापाराचा नव्हे. पण वही पाहताना मनात आलं, या बायकांनी जी वाट चुकवली तीच वाट आपल्याकडच्या जुन्या शास्त्रकारांनी किती बारकाईनं आखून ठेवली होती! विकण्याची किंमत ठरवायची कशी, खर्च कोणते धरायचे, आणि शेकड्याचा नफा लावायचा तो कशावर, हा प्रश्न दोन हजार वर्षं आपल्या पुस्तकांत आहे. आज त्याचीच हकीकत सांगणार आहे.

सुरुवात कौटिल्यापासून करू. त्याचं अर्थशास्त्र हे पुस्तक कित्येक शतकं केवळ नावानंच माहीत होतं. म्हैसूरच्या ग्रंथालयात आलेली पोथी शामशास्त्र्यांनी १९०९ साली छापली, तेव्हा ते पुन्हा उजेडात आलं. पुढे १९६० पासूनच्या काही वर्षांत मुंबई विद्यापीठानं प्राध्यापक कंगले यांची संशोधित आवृत्ती काढली. ग्रंथाच्या काळाबद्दल पंडितांत वाद आहेत. कोणी तो चंद्रगुप्त मौर्याच्या वेळचा मानतात, कोणी पुढच्या शतकांत ओढतात. आपल्याला त्या वादात पडायचं कारण नाही. व्यापाऱ्यांवर नजर ठेवण्याच्या प्रकरणात कौटिल्य नफ्याची हद्द घालून देतो: आपल्या मुलखातल्या मालावर शेकडा पाच, परदेशच्या मालावर शेकडा दहा. याहून जास्त घेणाऱ्याला दंड किती? शंभर पणांमागे पाच पण अधिक काढले तर दोनशे पण. म्हणजे पाचाच्या लोभाला दोनशेचा चटका.

आता कोणी म्हणेल, शेकडा पाच म्हणजे फारच थोडं झालं! आजचा एखादा दुकानदार हसेलच. पण थांबा. हे पाच कशावर आहेत ते आधी पाहा. त्याच प्रकरणाच्या शेवटी तो सांगतो की दूरच्या ठिकाणचा किंवा पुष्कळ काळ साठवलेला माल असेल तर भाव ठरवणाऱ्या जाणत्या माणसानं सगळे खर्च मोजून मगच भाव बांधावा. कोणते खर्च? घातलेलं भांडवल, म्हणजे त्याच्या भाषेत प्रक्षेप. माल तयार किती झाला ती निष्पत्ती. शुल्क म्हणजे जकात. वृद्धी म्हणजे पैशाचं व्याज. अवक्रय म्हणजे भाडं. आणि वर इतर व्यय. बचत गटाच्या वहीत यातला पहिला शब्द तेवढा होता, बाकीचे पाच नव्हते.

निष्पत्तीकडे विशेष लक्ष द्या. घातलं किती याबरोबर हाती आलं किती हेही तो मोजायला लावतो. सोळा किलो लाटले आणि पंधरा किलो विकले, तर भागाकार पंधरानं करायचा, सोळानं नव्हे. भाजीवाली माळीण हे शाळेत न जाता जाणते. शंभर जुड्यांतल्या दहा सुकणार हे धरूनच ती पहिल्या जुडीचा भाव सांगते. आणि इथं एक गंमत आहे, ती वर्गात जरूर सांगा. शेकडा दहा माल वाया गेला तर भाव शेकडा दहानं वाढवून भागत नाही. शंभराचा माल नव्वदच उरला, तर शंभर रुपये परत यायला प्रत्येक नगाला एक रुपया अकरा पैसे पडतात. दहा टक्के घट भरून काढायला अकरा टक्क्यांहून थोडी जास्तच वाढ लागते.

परदेशी व्यापार करणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्यालाही कौटिल्य अशीच यादी देतो. जकात, रस्त्याचा कर, वाटेतल्या संरक्षणाचा खर्च, लष्करी ठाण्याचं देणं, नावेचं उतारू भाडं, माणसा-जनावरांचं खाणं आणि तिथल्या राजाचा वाटा हे सारं वजा करून निव्वळ काय उरतं ते बघ, म्हणतो.  आजच्या ट्रकवाल्याची डिझेल, टोल, हमाली, जेवणखाण ही यादी याहून काही वेगळी नाही. मनुस्मृतीतही राजानं माल कुठून आला, कुठं जायचा, किती दिवस पडून राहिला हे पाहून भाव ठरवावेत असं सांगितलं आहे, आणि ते दर पाच दिवसांनी किंवा पंधरवड्यानं.

शास्त्रात लिहिलं म्हणजे बाजारात तसंच घडलं, असं मात्र समजू नका. नियम वारंवार सांगावा लागतो तो मोडला जातो म्हणूनच, हे आपण शाळेच्या फळ्यावर रोज पाहतोच की.

याज्ञवल्क्यानं हाच पाच आणि दहाचा नियम सांगितला, पण त्याला एक शेपूट जोडलं. हा दर कोणाला? जो माल घेऊन लागलीच विकतो त्याला. हा 'लागलीच' शब्द फार मोलाचा आहे. ज्याचा पैसा आठवड्यात सुटला आणि ज्याचा वर्षभर अडकून पडला त्या दोघांना एकच पाच लावणं न्यायाचं नाही. आठवड्याच्या बाजारात दर खेपेला पाच मिळवणारा वर्षात बावन्न खेपा करील. दिवाळीचा माल उन्हाळ्यात भरणारा एकच खेप करील. याज्ञवल्क्य पुढं म्हणतो, मालाच्या मूळ किमतीवर त्याच्यासाठी झालेला खर्च ठेवावा आणि मग असा भाव करावा की घेणारा आणि विकणारा दोघांवरही कृपा व्हावी. या स्मृतीवर मिताक्षरा नावाची टीका लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला होता, सहावा विक्रमादित्य गादीवर असताना. ते कल्याणी म्हणजे आपल्या लातूर-उस्मानाबादेच्या, आता धाराशिव म्हणतात त्या भागाच्या शेजारचं बसवकल्याण. पुढे इंग्रजांच्या न्यायालयात वारसाहक्कासाठी मिताक्षरेचे पुष्कळ उतारे काढले गेले. भावाच्या नियमांकडे मात्र कोणी वकील फिरकला नाही. तिथं फी मिळण्यासारखं काही नव्हतं!

पण इथं एक प्रश्न उभा राहतो. खर्च मालाच्या किमतीवर ठेवायचा हे ठरलं. नफ्याचे पाच टक्के आधी लावायचे की खर्च मिळवून मग? यासाठी मी तुम्हांला लीलावतीतल्या एका उदाहरणाकडे नेतो.

भास्कराचार्यांनी लीलावती शके १०७२ च्या, म्हणजे इ.स. ११५० च्या सुमाराला लिहिली. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख तिथं आहे. खानदेशातल्या शिक्षकांनी मुलांची सहल तिकडे न्यावी. ग्रंथाच्या आरंभालाच नाण्यांचं कोष्टक आहे. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. पुढे त्रैराशिक, पंचराशिक करत तो अकरा राशींपर्यंत जातो. त्यात लाकडाच्या फळ्यांचं उदाहरण आहे. बारा अंगुळं जाड, सोळा अंगुळं रुंद आणि चौदा हात लांब अशा तीस फळ्यांना शंभर निष्क पडतात. मग प्रत्येक मापात चारानं कमी, म्हणजे आठ, बारा आणि दहा, अशा चौदा फळ्यांना किती? आणि पहिल्या फळ्या एक गव्यूती वाहून नेण्याचं गाडीभाडं आठ द्रम्म असेल, तर या दुसऱ्या फळ्या सहा गव्यूती नेण्याचं भाडं किती?

फळ्यावर मांडून बघा. पहिल्यांचा गुणाकार १२ गुणिले १६ गुणिले १४ गुणिले ३० म्हणजे ८०,६४०. दुसऱ्यांचा ८ गुणिले १२ गुणिले १० गुणिले १४ म्हणजे १३,४४०. बरोबर सहावा हिस्सा! म्हणून किंमत शंभराचा सहावा भाग, १६ पूर्णांक २/३ निष्क. आणि भाडं? माल सहावा हिस्सा, वाट सहापट. म्हणून पुन्हा आठच द्रम्म. आचार्यांनी आकडे किती मजेनं निवडले आहेत, पाहिलंत?

भास्कराचार्य इथं थांबतात. आपण एक पाऊल पुढं टाकू आणि कौटिल्याचे शेकडा पाच त्याला जोडू. फळ्यांची किंमत द्रम्मांत केली तर होते २६६ पूर्णांक २/३. त्यावर पाच टक्के चढवले की बरोबर २८० द्रम्म. त्यात भाड्याचे आठ मिळवले, २८८. सोळानं भागा, अठरा निष्क, एक कवडीही इकडे तिकडे नाही. आता दुसऱ्या रीतीनं करू. किंमत आणि भाडं आधी मिळवलं, २७४ पूर्णांक २/३ द्रम्म. त्यावर पाच टक्के चढवले तर २८८ द्रम्म आणि वर दोन पंचमांश द्रम्म. फरक दोन पंचमांश द्रम्माचा, म्हणजे भाड्याच्या आठ द्रम्मांवरचे पाच टक्के. गिऱ्हाईक म्हणेल, गाडीवाल्याला दिलेल्या पैशावर तू नफा का खातोस? व्यापारी म्हणेल, अहो, भाड्याचे आठ द्रम्मही मीच खिशातून घातले होते, ते अडकून पडले नव्हते काय? दोघांचंही म्हणणं खरं आहे. माझं मत विचाराल तर, भाडं व्यापाऱ्यानं आगाऊ भरलं असेल आणि माल पडून राहणार असेल, तर त्यावर थोडा नफा रास्त आहे. पण जकात किंवा कर यांच्यावर नफा घेणं बरं नव्हे. तो पैसा सरकारचा, व्यापारी नुसता वाहक.

हा फरक इथं लहान दिसतो. पण माल जितक्या हातांतून जातो तितक्या वेळा तो वाढतो. समजा, शेतकऱ्यानं कांदा दहा रुपये किलोनं दिला. पोतं, हमाली आणि भाडं मिळून चार रुपये आले, झाले चौदा. घाऊकवाल्यानं शेकडा दहा चढवले, १५ रुपये ४० पैसे. किरकोळवाल्यानं शेकडा पंचवीस चढवले, १९ रुपये २५ पैसे. यात किरकोळवाल्याचे पंचवीस टक्के शेतकऱ्याच्या दहा रुपयांवर आहेत, हमालीवर आहेत, आणि घाऊकवाल्याच्या नफ्यावरसुद्धा आहेत. त्यात शंभरातले दहा किलो नासले, तर भाव २१ रुपये ४० पैशांच्या घरात जातो. शेतकरी म्हणतो मला निम्मेही मिळाले नाहीत, ते खरं. दुकानदार म्हणतो मी काही लुटलं नाही. तेही पुष्कळदा खरं असतं.

आता याच हिशेबाचा उलटा प्रयोग ऐका. तो केला शिवाजी महाराजांनी, मिठाच्या बाबतीत. १६७१ साली कुडाळच्या आपल्या अधिकाऱ्याला त्यांनी पत्र लिहिलं. बारदेश पोर्तुगिजांच्या ताब्यात होतं. तिथलं मीठ स्वस्त पडत होतं. व्यापारी तेच उचलू लागले तर संगमेश्वराकडचं स्वराज्यातलं मीठ कोण घेणार? मिठागरं बसली की बंदराचं उत्पन्नही बसलं. म्हणून महाराजांनी हुकूम केला की बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवा की ती मिळवल्यावर ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल.

यातली अक्कल लक्षात घ्या. दुकानदार खरेदीपासून निघतो, खर्च मिळवतो, नफा मिळवतो आणि विक्रीच्या भावाला पोहोचतो. महाराजांनी विक्रीचा भाव आधी हाती धरला आणि त्यावरून मधला खर्च, म्हणजे जकात, किती हवी ते काढायला लावलं. व्यापाऱ्याला दटावलं नाही, बारदेशचं मीठ आणू नको अशी दवंडी पिटवली नाही. व्यापारी स्वस्ताकडे जाणारच हे मान्य केलं आणि 'स्वस्त' कुठलं ते बदललं. शिक्षकांनी पुरंदर आणि आग्रा शिकवताना पाच मिनिटं या पत्रालाही द्यावीत.

इंग्रजी अमलात शेकड्याचा हिशेब अवघड झाला, कारण रुपयाचे आणे सोळा आणि पै एकशेब्याण्णव. रुपयावर शेकडा पाच म्हणजे साडेनऊ पैंहून किंचित जास्त. हे कोण करणार? म्हणून बाजारात 'रुपयाला आणा' ही भाषा चालली. रुपयाला आणा म्हणजे शेकडा सव्वासहा, दोन आणे म्हणजे साडेबारा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि शेकडा पाच म्हणजे रुपयाला पाच पैसे हे पोराबाळांच्या बोटांवर आलं.

त्याच अमलात शेतकऱ्याच्या पट्टीवर काय काय कापलं जाई! अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय, आणि कडता म्हणून वजनातली सूट. व्यापारी खर्च मिळवत वर चढत जातो, शेतकरी खर्च वजा करत खाली उतरत जातो. जिना एकच. वऱ्हाडात कारंज्याला १८८६ साली कापसाचा बाजार सरकारी नियमाखाली आला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. १९२८ च्या शाही शेतकी आयोगानं असे बाजार सर्वत्र असावेत अशी शिफारस केली. मुंबई इलाख्याचा शेतमाल बाजार कायदा १९३९ चा, महाराष्ट्राचा १९६३ चा. कापणी कोणत्या नावानं आणि किती, हे लिहून ठरवणं, हे या साऱ्या कायद्यांचं मोठं काम होतं.

स्वतंत्र भारतात कौटिल्याची रीत पुन्हा एकदा अक्षरशः कायद्यात दिसली, ती औषधांच्या बाबतीत. १९९५ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात सूत्रच होतं: कच्चा माल, औषध बनवण्याचा खर्च, वेष्टनाचं सामान आणि वेष्टन करण्याचा खर्च यांची बेरीज करायची, कारखान्याबाहेरचा खर्च आणि नफा मिळून त्यावर जास्तीत जास्त शेकडा शंभर चढवायचे, आणि उत्पादन शुल्क शेवटी मिळवायचं. म्हणजे कर हा नफ्याच्या टक्क्याबाहेर ठेवला. मघाशी फळ्यांच्या भाड्यावर आपण जो वाद घातला, त्याचा हा एक सरकारी निकाल म्हणा. परदेशातून आलेल्या औषधाला मात्र, इथं येऊन पडेपर्यंतच्या किमतीवर, शेकडा पन्नासचीच मर्यादा होती. कौटिल्यानं परदेशी मालाला दुप्पट नफा दिला होता, इथं निम्मा. २०१३ च्या आदेशानं हे खर्चावरचं सूत्र सोडून बाजारातल्या भावांची सरासरी धरली आणि तिच्यावर किरकोळ दुकानदाराचे शेकडा सोळा ठेवले.

आणखी एक चकवा सांगतो, कारण परीक्षेत मुलं आणि बाजारात मोठी माणसं दोन्ही त्यात अडकतात. ऐंशीला घेतलं, शंभराला विकलं. नफा वीस. खरेदीवर काढलात तर शेकडा पंचवीस, विक्रीवर काढलात तर शेकडा वीस. शाळेतलं पुस्तक खरेदीवर मोजतं. दुकानदार पुष्कळदा विक्रीवर बोलतो, कारण संध्याकाळी गल्ल्यात त्याच्यासमोर विक्रीचाच पैसा असतो. म्हणून "आम्ही फक्त वीस टक्के घेतो" असं कोणी म्हणालं तर विचारा, कशावर? आणि शेकडा पंचवीस चढवून मग शेकडा पंचवीस सूट देणारा दुकानदार मूळ किमतीला येत नाही. ऐंशीचे शंभर होतात, शंभराचे पंचाहत्तर. पाच रुपये घरचे जातात.

तर आता पापडांकडे परत. त्या संध्याकाळी यात्रेतल्या कंदिलाखाली, म्हणजे विजेच्या दिव्याखालीच, जुनी सवय जात नाही, आम्ही वही पुन्हा मांडली. माल २०००, टेम्पो ३००, पिशव्या-लेबलं १४०. मी म्हटलं, "ताई, आणि तुमची मजुरी?" त्या म्हणाल्या, "आमची कसली मजुरी सर? दुपारचं घरी बसायचं ते तिथं बसलो." पाच जणी, दोन दुपारा. दुपारीला शंभर धरले तरी हजार होतात. शेजारणीला बोलावलं असतं तर दिले असते की नाही? थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एकीनं वहीत स्वतःच लिहिलं, मजुरी १०००. एकूण ३४४०. शेकडा वीस चढवले तर ४१२८, भागिले पंधरा; भाव २७५ च्या वर गेला. "एवढ्याला कोण घेणार?" अध्यक्षबाई म्हणाल्या. समोरच्या दुकानात २४० चा भाव होता.

त्यांनी पुढच्या खेपेला २४० लावला. पंधरा किलोचे ३६०० आले. सगळे खर्च जाऊन, प्रत्येकीच्या हातात दोनशे रुपये मजुरी पडून, गटाच्या डब्यात १६० रुपये उरले. मुलानं मला विचारलं, "सर, हे शेकडा किती झाले?" आम्ही भागाकार केला. साडेचारहून थोडे जास्त. कौटिल्याच्या पाचाला थोडेसेच कमी.